वेंडेल हॉगनची नोंदणीकृत पार्टी

दहा माणसांनी बसून भोपळ्याचं सूप प्यावं म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवणारा केटलबी गावातला पहिला माणूस म्हणजे वेंडेल हॉगन. त्याच्या आधी कुणी नोंदवलं नव्हतं आणि जे झालं ते पाहता त्याच्यानंतर कुणी नोंदवेल असं वाटत नाही.

"आठ पाहुणे, तू आणि मी," लोइस म्हणाली. लोइस म्हणजे त्याची बायको.

"म्हणजे दहा," वेंडेल म्हणाला.

"मग?"

"नियम 'दहा किंवा अधिक' असा आहे. हॅलोविनच्या शनिवारी बर्च स्ट्रीटवर दहा किंवा अधिक माणसं एका घरात जमणार असतील, तर गुरुवारी चारच्या आत नोंदणी."

"अरे, सूप आहे ते."

"नियमात पदार्थाचा उल्लेख नाही."

हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो नियम त्यानेच लिहिला होता. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या जमीनमोजणी खात्यात काढल्यावर निवृत्त माणूस दुसरं काय करणार? कुणी गुलाब लावतं, कुणी मासे धरतं. वेंडेल मोहल्ला समितीचा गोंगाट-सचिव झाला. केटलबीत विद्यापीठ आहे, विद्यापीठात चौदा हजार पोरं आहेत आणि हॅलोविनच्या शनिवारी ती चौदा हजार पोरं चार रस्त्यांवर उतरतात, त्यामुळे सचिवाला काम कमी पडत नसे.

त्याची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे नारिंगी कागद. ज्या घराने गोंगाट केला त्या घराच्या दारावर पोलीस हा कागद चिकटवतात आणि तो एकशे ऐंशी दिवस तिथेच राहतो. काढला तर तो वेगळा गुन्हा. रंग निवडायला वेंडेलने आपल्याच कुंपणावर सात नमुने लावले होते आणि रस्त्यापलीकडे उभं राहून सकाळ, दुपार, संध्याकाळ पाहिले होते. शिवाय कलम चार: कागद लावायचा की नाही हे ठरवायची मुभा पोलिसाला नाही. पूर्वी ती होती, पण एका वर्षी पोरांनी पोलिसाला गरम सॉसेज खायला घातलं आणि त्याने नुसती समज देऊन सोडून दिलं. ते सॉसेज वेंडेलच्या मनाला फार लागलं होतं. तक्रार करताना तो नेहमी स्वतःचं नाव सांगायचा. निनावी तक्रार करणाऱ्याला तो माणसात धरत नसे.

थोडक्यात, कागद निघाल्यापासून त्याचं दार कोरं होतं आणि त्या कोऱ्या दाराचा त्याला मनापासून अभिमान होता.

आता अशा माणसाला पार्टीची बुद्धी कुठून झाली? तर लोइसमुळे. लोइसने एकतीस वर्षं गावच्या शाळेत बँड शिकवला. जूनमध्ये ती निवृत्त झाली, आपला ट्रॉम्बोन, ती लांब नळीची पितळी पिपाणी, पेटीत घालून पलंगाखाली सरकवला आणि त्याला पुन्हा हात लावला नाही. दरवर्षी हॅलोविनच्या दोन आठवडे आधी ती शाळेच्या बँडची मिरवणूक काढायची. यंदा ती नव्या मास्तरांनी काढली आणि लोइस तेव्हा मुद्दाम कपडे धुवायला तळघरात जाऊन बसली. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू होतो कधी आणि बंद होतो कधी हे वेंडेलला पाठ झालं. आयुष्यभर शांततेसाठी भांडलेल्या माणसाला ती शांतता सोसवत नव्हती. पण हे बोलून दाखवायचं कसं, म्हणून तो म्हणाला, "चार माणसं बोलावू. सूप करू."

शेजारच्या अर्व्ह पेट्राकने सल्ला दिला. अर्व्ह निवृत्त दंतवैद्य. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून एकट्यानेच बोलत राहिल्यामुळे समोरचा उत्तर देईल ही कल्पनाच त्याला उरली नव्हती.

"सोपं आहे," कुंपणावरून अर्व्ह म्हणाला. "मला बोलावू नकोस. नऊ होतील."

"बरं, मग नको येऊस."

"म्हणजे? एकवीस वर्षांचा शेजार, आणि मला नको येऊस म्हणतोस?"

तीन दिवस अर्व्ह बोलला नाही. चौथ्या दिवशी लोइसने त्याला गाजराचा केक नेऊन दिला, तेव्हा पाहुणे पुन्हा आठ झाले आणि वेंडेल ठाण्यावर गेला.

नोंदणीची खिडकी विद्यार्थ्यांसाठी होती. खिडकीतल्या बाईने विद्यार्थी क्रमांक मागितला. वेंडेल म्हणाला, मी विद्यार्थी नाही, अडुसष्ट वर्षांचा आहे. ती म्हणाली, वय विचारलेलं नाही, क्रमांक विचारलाय. शेवटी तिने त्याला 'तात्पुरता विद्यार्थी' म्हणून घातलं. पुढचा रकाना बियरच्या पिंपांचा. वेंडेलने शून्य सांगितलं.

"शून्य मशीन घेत नाही," बाई म्हणाली.

"पण पिंप नाहीच आहे."

"मग एक लिहिते. त्यात सूप ठेवा."

नोंदणी करणाऱ्याला अर्ध्या तासाचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांमध्ये वेंडेल पहिल्या रांगेत वही घेऊन बसला. पाहुणा बेशुद्ध पडला तर कुशीवर वळवावा, माणसं हलत नसतील तर घरातले सगळे दिवे लावावेत, असं त्याने नीट उतरवून घेतलं. नोंदणीचा फायदा एकच होता आणि तो तिथे तीनदा सांगितला: तक्रार आली तर पोलीस थेट दारात येत नाहीत, आधी फोन करतात आणि वीस मिनिटं देतात. वीस मिनिटांत शांत झालं तर ठीक, नाहीतर कागद. मागच्या पोराने हळूच विचारलं, "काका, तुमच्याकडे किती पिंपं?" "एक," वेंडेल म्हणाला, आणि पोराने आदराने मान हलवली.

हॅलोविन म्हणजे सोंग आलंच. लोइसने त्याला मक्याचं कणीस करायचं ठरवलं. मापं घेताना त्याच्या पोटाशी टेप पुरेना, तेव्हा ती जूननंतर पहिल्यांदा मोठ्याने हसली. त्या हसण्यासाठी वेंडेल आणखी काहीही झाला असता. कणसाला खिसे नव्हते, म्हणून पाकीट घरात राहिलं आणि फोन त्याने दोरीने गळ्यात अडकवला.

शनिवारी चार वाजल्यापासून पोलीस ते चार रस्ते लोखंडी कठडे लावून बंद करतात. आत जायला मनगटावर हिरवी पट्टी लागते. राहणाऱ्यांना घरटी दोन, शिवाय नोंदवलेल्या पाहुण्यांइतक्या. ही पट्टीसुद्धा वेंडेलच्याच समितीची देणगी. साडेपाचला तो कणसाच्या वेषात कठड्याबाहेर जाऊन उभा राहिला आणि एकेका पाहुण्याच्या मनगटावर पट्टी बांधू लागला. अर्व्ह शेजारीच राहत असल्याने त्याच्या घराला त्याची स्वतःची पट्टी होती, तरी त्याने पाहुणा म्हणून हक्काने वेंडेलकडूनही एक घेतली. तिथेच हिशेब चुकला. शेवटी शाळेच्या माजी मुख्याध्यापिका आल्या. त्या एकट्या यायच्या होत्या, पण बरोबर काठी टेकत त्यांचे यजमान होते. एक पट्टी आणि दोन माणसं.

"हे घरी बसायला तयार होईनात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "सूप म्हटलं की यांना राहवत नाही."

वेंडेल सभ्य माणूस. त्याने आपल्या हातातली पट्टी सोडवून यजमानांच्या हाताला बांधली, दोघांना रस्ता दाखवला आणि मागोमाग निघाला. कठड्यावरच्या पोलिसाने हात आडवा केला.

"पट्टी?"

"आत्ता तुमच्यासमोर मी ती त्यांना दिली."

"पाहिलं मी. फार चांगलं केलंत. पण पट्टी?"

"अहो, हा नियम मी केलाय."

"मग तुम्हाला माहीतच असेल," पोलीस म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. चौतीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजून देणारा माणूस स्वतःच्या हद्दीबाहेर उभा होता आणि तेही कणीस होऊन.

दुसरी पट्टी मिळवायची तर चर्चच्या मैदानातल्या तंबूत पत्त्याचा पुरावा दाखवायचा. पुरावा पाकिटात, पाकीट घरात. तरी तो रांगेत उभा राहिला, कारण रांग दिसली की उभं राहायचं हा त्याचा स्वभाव. पुढे दोनशे माणसं होती. मागे एका हाडाच्या सापळ्याने विचारलं, "काका, तुम्ही उकडलेले की भाजलेले?" वेंडेल एक पाऊल पुढे सरकला.

साडेसहाला बर्च स्ट्रीटच्या दिशेने आवाज सुरू झाला. आधी ढोल. मग काहीतरी घुमणारं. मग ट्रॉम्बोन. वेंडेलने ओळखलं, चारशे बारा नंबर. त्याच्या घरासमोरच्या त्या घरात सहा पोरं भाड्याने राहत आणि त्या दारावर त्याच्या प्रयत्नाने दोनदा नारिंगी कागद लागला होता. आपण तिथे नाही म्हणून यांचं फावलं, या विचाराने तो कणसाच्या आत तापला. त्याने गळ्यातला फोन उचलला. नंबर बोटांना पाठ होता.

"केटलबी पोलीस, डार्लीन बोलतेय."

"डार्लीन, मी वेंडेल हॉगन."

"बोला हॉगनसाहेब. साडेसहा होऊन गेले, तुमचा फोन नाही, म्हटलं तब्येत बरी आहे ना."

"बर्च स्ट्रीटवर गोंगाट चाललाय. चारशे बारा. लिहून घे. ढोल, पिपाण्या आणि ट्रॉम्बोन. ट्रॉम्बोन वेगळा लिही. जो कोणी वाजवतोय त्याला वर्षभर सराव नसावा."

"सराव... नसावा," डार्लीनने लिहिलं. "थांबा, गस्तीच्या गाडीला विचारते." मिनिटभराने ती परत आली. ती जरा जपून बोलत होती. "हॉगनसाहेब, चारशे बारामध्ये अंधार आहे. आवाज समोरून येतोय. चारशे पंधरा."

"चारशे पंधरा माझं घर आहे."

"हो. पत्ता दुरुस्त केलाय मी."

वेंडेल कणसासकट बर्च स्ट्रीटकडे वळला. मग म्हणाला, "तर मग मी तक्रार मागे घेतो."

"कलम सहा, साहेब. दिलेली तक्रार मागे घेता येत नाही. पोरं पिझ्झा देऊन लोकांना गप्प करतात म्हणून तुम्हीच घालायला लावलंत. आता मला तुम्हाला रीतसर फोन करायचाय, तेव्हा हा ठेवा."

त्याने ठेवला. लगेच वाजला.

"हॉगनसाहेब का? केटलबी पोलीस, डार्लीन बोलतेय."

"माहीत आहे."

"तुमच्या नोंदणीकृत पार्टीविरुद्ध तक्रार आली आहे."

"कुणाची?" सवयीने वेंडेलच्या तोंडून गेलं.

"तुमची. आता सहा छत्तीस झालेत. सहा छपन्नपर्यंत शांत करा, नाहीतर कागद येईल. आणि हॅलोविनच्या शुभेच्छा."

त्याने घरी फोन लावला. वाजत राहिला. मग अर्व्हला लावला. अर्व्हने उचलला, पण मागे एवढा गदारोळ की दोघांनाही ओरडावं लागलं.

"कुठे आहेस तू?" अर्व्ह ओरडला. "सूप संपलं. तो डेमियन आलाय ना, लोइसचा जुना विद्यार्थी, तो मोठा भोंगा वाजवणारा, ट्यूबावाला. तो विद्यापीठाच्या बँडमध्ये आहे हे तुला ठाऊक होतं का? त्याने सगळ्यांना सांगितलं, बाईंच्या घरी पार्टी आहे. आजच्या फुटबॉल मॅचला वाजवून झाल्यावर अख्खा बँड आला. चाळीस पोरं. कठड्यावर त्यांना कुणी पट्टी विचारत नाही, गणवेश बघून सोडतात. त्यातली निम्मी तिच्याच हाताखाली शिकलेली. तुमच्या अंगणात उभी आहेत."

"अर्व्ह, ऐक. तो ट्रॉम्बोन कोण वाजवतंय?"

"कोण म्हणजे? लोइस. पोरांनी पलंगाखालून काढून दिला. ऐक, ऐकवतो." आणि त्याने फोन उंच धरला.

तंबूच्या रांगेत, सापळ्याच्या पुढे, वेंडेलने डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्याच ओळीत ती घसरली. घसरली, थांबली, आणि पोरं तिच्यासाठी मागे येऊन पुन्हा तिथूनच सुरू झाली. मग नाही घसरली. कणसाच्या बाह्या आखूड असल्याने वेंडेलला डोळे पुसता येईनात.

"कशासाठी फोन केला होतास?" अर्व्हने विचारलं. "थांबवू का त्यांना? तुझ्या नियमाचं काही असेल तर दिवे लावतो, तूच म्हणाला होतास दिवे लावले की जातात."

सहा एकेचाळीस झाले होते. पंधरा मिनिटं हातात होती. अर्व्हने दिवे लावले असते, चार शब्द बोलला असता, तर दार कोरं राहिलं असतं.

"अजून किती वाजवायचं म्हणतायत?"

"पाच तरी. ती यादी करतेय."

पाच गाणी म्हणजे वीस मिनिटं, मध्ये दम घ्यायला पाच. जमिनीची मापं काढणाऱ्याला एवढा हिशेब फारसा अवघड नाही. "वाजवू दे," वेंडेल म्हणाला. "आणि अर्व्ह, मी फोन केला होता हे तिला सांगू नकोस."

सात वाजता ट्रूडी कोझलिक नावाची तरुण पोलीस त्याला शोधत तंबूत आली. कागद लावताना पार्टीच्या यजमानाची सही लागते, हेही कलम त्याचंच. अशा रीतीने वेंडेल हॉगनला अखेर बर्च स्ट्रीटवर प्रवेश मिळाला, पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर, जाळीच्या आड. दोन्ही बाजूंनी राक्षस, चेटकिणी आणि एक चालतं स्नानगृह टाळ्या वाजवत होती. "कणीसकाकांना सोडा" अशी घोषणा झाली. त्याने मान ताठ ठेवली. कणसात ती तशीही वळत नव्हती.

अंगणात चाळीस पोरं चंदेरी वाद्यं घेऊन उभी होती आणि पायरीवर लोइस, चेटकिणीची टोपी मागे सरकलेली, गाल लाल, ओठ सुजलेले. मुख्याध्यापिकांचे यजमान काठीने ताल धरत होते. गाडी पाहून सगळे थांबले.

"ट्रूडी कोझलिक," लोइस म्हणाली. "क्लॅरिनेट. सातवी."

"हो बाई," ट्रूडी म्हणाली आणि नकळत टोपी काढली. "बाई, मला कागद लावावा लागणार. मला नाही लावायचा, पण कलम चार आहे."

"माहीत आहे गं, कलम चार आमच्याच जेवणाच्या टेबलावर लिहिलंय. पण तक्रार केली कुणी? आज सगळा रस्ता तर इथेच नाचतोय."

ट्रूडीने हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग वेंडेलकडे पाहिलं. तक्रारदार आणि यजमान, दोन्ही रकान्यांत एकच नाव होतं. "यात ट्रॉम्बोनचा वेगळा उल्लेख आहे," ती पुटपुटली. "वर्षभर सराव नसावा, असं."

"मी केली," वेंडेल म्हणाला. "मी पलीकडे अडकलो होतो. मला वाटलं समोरची पोरं. तू आहेस हे नंतर कळलं."

डेमियनने ट्यूबाच्या आड तोंड लपवलं. लोइसने ट्रॉम्बोन खाली केला.

"वर्षभर?" ती म्हणाली. "पाच महिने झालेत फक्त."

"ऐकायला वर्षभर वाटलं."

"आणि कळल्यावर थांबवायला का नाही सांगितलंस? वीस मिनिटं मिळतात ना?"

"वेळ पुरला नाही," तो म्हणाला. मागून अर्व्ह म्हणाला, "चांगली पंधरा मिनिटं होती, मी विचारलं होतं दिवे लावू का," कारण अर्व्हला गुपित राखण्याची सवय नव्हती. लोइसने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि वेंडेलच्या कणसाचा मधला दाणा उगाच नीट केला.

ट्रूडी कागद लावू लागली तर तो डाव्या बाजूला कलत होता. वेंडेलला ते बघवेना. त्याने आतून पाणसळ आणली, कागदाखाली धरली, बुडबुडा मधोमध आल्यावर "आता दाब" म्हणाला आणि खाली सही केली. मग रस्त्यापलीकडे जाऊन त्याने पाहिलं. रंग उत्तम निवडला होता. अगदी कोपऱ्यावरूनही दिसत होता.

तीन आठवड्यांनी टपालाने नगरपालिकेचा फॉर्म आला, 'प्रिय तक्रारदार' असा. वेंडेलने तो स्वयंपाकघरात बसून प्रामाणिकपणे भरला आणि पाठवला. चार दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी, फोन वाजला.

"हॉगनसाहेब, डार्लीन बोलतेय. तुमचा फॉर्म मशीनने परत टाकलाय. पहिला प्रश्न, आवाज थांबला का? तुम्ही लिहिलंय, नाही."

"बरोबर आहे." मंगळवारी डेमियन आणि आणखी सहा पोरं बाईंकडे सरावाला येत होती.

"दुसरा प्रश्न, समाधानी आहात का? तुम्ही लिहिलंय, हो. आवाज थांबला नसेल तर मशीन 'हो' घेत नाही. यातलं कुठलं बदलू?"

बैठकीच्या खोलीत सात वाद्यं एकदम सुरू झाली. दुसऱ्या ओळीत ट्रॉम्बोन घसरला, थांबला आणि पुन्हा तिथूनच निघाला. वेंडेलने पाय लांब करून मधलं दार आणखी उघडं केलं.

"काय म्हणालीस, डार्लीन?" तो म्हणाला. "जरा मोठ्याने बोल. इथे काही ऐकू येत नाहीये."